‘सॉफ्टवेअर घेतलं आणि पैसे पाण्यात गेले’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

बांधकामाच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवण्यावरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही आणि का पटला नाही हे तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : तीन साइट आहेत, टॅली आणि एक्सेलवर भागतंय, मध्यंतरी घेतलेलं सॉफ्टवेअर साइटवरचं कोणी भरेना म्हणून बंद पडलं, आणि ‘आधी तीन महिने तयारी करा’ हा सल्ला फी वाढवण्यासाठी दिला जातो.

टॅलीला मी नावं ठेवलेली नाहीत. जीएसटी, टीडीएस, ताळेबंद यांसाठी ती भक्कम आहे. कॉस्ट सेंटर लावले तर साइटवार खर्चही निघतो. गाडी अडते ती ठेकेदाराच्या आरए (रनिंग अकाउंट) बिलावर, म्हणजे काम होईल तसं टप्प्याटप्प्याने येणाऱ्या बिलावर. समजा, आरसीसीच्या ठेकेदाराचं चौथं बिल आलं. आजवरचं एकूण काम ४० लाख, मागच्या बिलापर्यंत ३१ लाख, म्हणजे हे बिल ९ लाखांचं. जीएसटी बाजूला ठेवू. त्यातून ५ टक्के रिटेन्शन (काम नीट झाल्याची खात्री म्हणून राखून ठेवलेली, नंतर द्यायची रक्कम) ४५,००० रुपये, सुरुवातीला दिलेल्या ॲडव्हान्सची वसुली ९०,०००, वैयक्तिक ठेकेदार म्हणून १ टक्का टीडीएस ९,०००, आपण पुरवलेलं सिमेंट जास्त वापरलं त्याचं डेबिट २२,५०० आणि दर आठवड्याला लेबरला दिलेली खर्ची ३,६०,०००. चेक निघतो ३,७३,५०० रुपयांचा.

आता वहीत काय चढतं ते पाहा. बऱ्याच ऑफिसांत चेक आणि खर्ची एवढंच खर्चाला पडतं. काम ९ लाखांचं झालं, वहीत दिसतात ७,३३,५००. पंचेचाळीस हजारांचं रिटेन्शन आपण देणं लागतो हे कुठेच दिसत नाही. इंजिनिअरच्या एक्सेलमध्ये असतं, आणि तो नोकरी सोडून गेला की ती फाइलही जाते. दोष टॅलीचा नाही. बिल ९ लाखांना बुक करून प्रत्येक कपात वेगळ्या खात्याला टाकली तर टॅलीतही हे बसतं. पण प्रत्येक बिलाला मागची मोजमापं, उरलेला ॲडव्हान्स आणि पुरवलेला माल आपोआप समोर यावा, यासाठी बांधकामाचं सॉफ्टवेअर लागतं.

साइटवर कोणी नोंदी करत नाही, हा तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. सगळी योजना तिथेच फसते. पण स्टोअरकीपरला आळशी ठरवण्याआधी त्याच्यासमोर ठेवलेली स्क्रीन बघा. सळईचं बिल टनात येतं, वजनकाट्याची पावती किलोत, स्टोअरकीपर मोजतो नग, आणि बारबेंडिंगचं शेड्यूल (कुठे किती लांबीची सळई कापायची-वाकवायची त्याचा तक्ता) असतं मीटरमध्ये. १२ एमएमची सळई मीटरला साधारण ०.८८९ किलो भरते, म्हणजे १२ मीटरचा एक नग सुमारे १०.६७ किलोचा. हे रूपांतर सॉफ्टवेअरमध्ये आधी भरून ठेवलं नाही, तर गाडी गेटवर उभी असताना तो पोरगा मोबाइलवर गुणाकार करत बसणार का? तो वहीत ‘१२ एमएम, ९० नग’ लिहून मोकळा होतो, आणि ते बरोबरच आहे. त्याला नग भरू द्या, किलो मशीनने काढावेत. वाळूच्या ब्रासचं आणि टनाचंही तेच.

तीन महिने लागतात ते या असल्या कामांना. त्यातलं मोठं काम म्हणजे इंजिनिअर आणि अकाउंटंट यांची एकच कामांची यादी. इंजिनिअर म्हणतो ‘प्लिंथपर्यंतचं आरसीसी’, अकाउंटंट लिहितो ‘लेबर चार्जेस’; मग बजेट आणि खर्च शेजारी मांडणार कसे? तुमच्या आकाराच्या स्कीमला खर्चाचे पन्नासेक हेड पुष्कळ झाले. विक्रेता चारशे कोडची तयार यादी देतो, ती घेऊ नका. चारशे कोड दिले की सगळा खर्च ‘इतर’मध्ये जाऊन पडतो.

खर्चाची साइटवार विभागणी तर कायद्यालाही हवीच आहे. महारेरामध्ये (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे) नोंदलेल्या स्कीमच्या ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि काढताना त्या स्कीमचं काम किती झालं याचे इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीए यांचे दाखले लागतात. २०१९ पासून घरांवर क्रेडिटशिवायचा (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट न मिळणारा) १ आणि ५ टक्के जीएसटी आहे, त्यात किमान ८० टक्के खरेदी नोंदणीकृत पुरवठादारांकडून असण्याची अटही प्रकल्पनिहाय पाहिली जाते. दोन साइटचं सिमेंट एकाच बिलावर आलं आणि एकाच साइटला पडलं, तर दोन्हीकडचे आकडे चुकतात.

फीबद्दल एवढंच सांगतो : या तयारीसाठी सल्लागार लागत नाही. तुमचा जुना अकाउंटंट आणि साइट इंजिनिअर रोज तासभर एकत्र बसले तरी ती होते, फक्त मालकाने त्यांना तो तास द्यायला हवा.

शेवटी तुम्ही विचारलंत, नवी स्कीम सुरू होतेय, पुन्हा प्रयत्न करावा का. करा, पण तीनही साइट एकदम नकोत. जुन्या साइट जुन्याच पद्धतीने संपू द्या, त्यांचा इतिहास भरत बसू नका. १ एप्रिलचा मुहूर्तही धरू नका, तेव्हा अकाउंटंटच्या डोक्यावर वर्षअखेरीचं काम असतं. नवी स्कीम खोदाईपासून नव्यात घ्या आणि पहिली दोन आरए बिलं हातानेही करून ताडून बघा. जे ठेकेदार जुन्या साइटवरून इकडे येतील, त्यांचं रिटेन्शन आणि उरलेला ॲडव्हान्स आधी कागदावर मांडा आणि त्यावर त्यांची सही घ्या. आकडा जुळत नसेल तर त्या ठेकेदाराचं पहिलं बिल जुळेपर्यंत थांबवा. खर्ची मात्र थांबवू नका, लेबरचं घर त्यावर चालतं.