झोपताना ग्लासभर पाणी? आमच्या बाबांना नको

‘पाणी पिण्याची योग्य वेळ’ हा फिरून फिरून येणारा मेसेज परवा मामांनी बाबांना पाठवला. उठल्यावर दोन ग्लास, अवयव जागे होतात. जेवणाआधी एक, पचन सुधारतं. आंघोळीआधी एक, बीपी उतरतं. झोपताना एक, हार्ट अटॅक टळतो. बाबांनी त्याच रात्री उशाशी ग्लास भरून ठेवला.

बाबांची स्वायत्त मज्जासंस्था, म्हणजे बीपीसारख्या गोष्टी आपोआप सांभाळणारी यंत्रणा, बिघडलेली आहे. उभे राहिले की बीपी कोसळतं, आडवे झाले की चढतं. त्या रात्री मोजलं: आडवे असताना वरचं १७६, उठून तीन मिनिटं उभे राहिले तर ९२. अशा माणसाला झोपताना पाणी पाजायचं?

बीपी उतरतं म्हणे! २००० साली अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या डॉक्टरांनी अशाच रुग्णांना ४८० मिली साधं पाणी पाजून बीपी मोजलं. वरचा आकडा सरासरी तीसहून जास्त वाढला. पाच मिनिटांत चढू लागतो, तासभर तरी टिकतो. निरोगी तरुणांत मात्र जवळजवळ काहीच फरक पडला नाही, कारण त्यांचं शरीर वाढलेला दाब तिथल्या तिथे सावरतं. बाबांचं सावरत नाही. म्हणजे झोपताना प्यायलेला ग्लास आधीच चढलेल्या बीपीवर आणखी चढतो, तेही सगळे झोपेत असताना. हार्ट अटॅक टळण्याचं तर सोडाच.

आंघोळीआधीचा ग्लास बाबांना चालेल, पण बरोबर उलट्या कारणासाठी. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी पडतं, तेव्हा ते वर धरायला.

अवयव जागे करण्याबद्दल काय बोलायचं? पण नाइलाजाने कबूल करते, सकाळचे दोन ग्लास बाबांना खरंच उपयोगी आहेत. जेवणाआधीचाही, कारण जेवल्यावर त्यांचं बीपी पडतं. पचनाचा संबंध नाही. आणि घोट घोट नाही, एका दमात प्यायचं. (हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर किती प्यायचं ते आधी डॉक्टरांना विचारा.)

उशाशी ग्लास अजूनही असतो, फक्त तो मी पहाटे भरते. बाबा पडल्या पडल्या उशीला टेकून पितात, पाय खाली सोडून थोडा वेळ बसतात, मग पलंगाचा कठडा धरून उठतात.