नऊपटीचा हिशेब अणुकेंद्रकात जसाच्या तसा चालत नाही

पायॉन या धन, ऋण किंवा शून्य भाराच्या अल्पायुषी सूक्ष्मकणाविषयीच्या विद्यार्थी-टिपणांत एक विधान सर्रास फिरते: धन पायॉन अणुकेंद्रकातून ऋण पायॉनच्या नऊपट प्रोटॉन उडवतो, कारण केंद्रकातला प्रोटॉन मोकळ्या प्रोटॉनसारखाच ठोकरला जातो; आणि बाहेर आलेला प्रत्येक प्रोटॉन अशाच थेट ठोकरीची साक्ष देतो.

यातला नऊ हा आकडा खरा आहे, पण त्याची हद्द लहान आहे. पायॉनची गतिज ऊर्जा 180 ते 190 एमईव्हीच्या (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या) आसपास असताना पायॉन आणि प्रोटॉन मिळून क्षणभर डेल्टा नावाचा अनुनाद, म्हणजे लगेच मोडणारी एकत्रित अवस्था, तयार होतो. धन पायॉन व प्रोटॉन ही जोडी त्यात पूर्णपणे सामील होते, ऋण पायॉनची जोडी मात्र एक-तृतीयांशच. त्या हिश्श्यातही तीनपैकी दोन भाग शून्यभारी पायॉन व न्यूट्रॉन होऊन निघून जातात. म्हणून धन पायॉनची ठोकर, ऋण पायॉनचा भारबदल आणि ऋण पायॉनची ठोकर यांचे 9:2:1 हे प्रमाण येते. भारबदलासह एकूण टकरी मोजल्या तर गुणोत्तर तीनच (9:3) उरते, आणि ही गोष्ट टिपणांत बहुधा वगळलेली असते.

केंद्रकातला कण मोकळ्यासारखाच वागतो, या दाव्याची परीक्षा कार्बन-12 वर झाली. पायॉनच्या माऱ्याने त्यातला न्यूट्रॉन निघून कार्बन-11 उरतो. माऱ्यानंतर कार्बनचे लक्ष्य बाहेर काढून कार्बन-11 च्या किरणोत्सर्गातून येणारे 511 केईव्हीचे (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टचे) फोटॉन मोजायचे आणि सुमारे 20 मिनिटांच्या अर्धायुकालावरून कार्बन-11 ओळखायचा. न्यूट्रॉनच्या बाबतीत धन-ऋण पायॉनच्या भूमिका उलटतात, म्हणून मोकळ्या कणांच्या हिशेबाने येथे ऋण पायॉनचे उत्पादन धन पायॉनच्या तिप्पट यायला हवे होते. 1960 च्या दशकाअखेरच्या मापनांत गुणोत्तर जवळजवळ 1 आले, तर पुढे अमेरिकेतील लॉस अॅलामॉस प्रयोगशाळेच्या पायॉन-झोतावर ते 180 एमईव्हीला 1.5 ते 1.6 भरले, सुधारलेल्या मापनानेही तीन काही गाठले नाही. ठोकरलेला न्यूट्रॉन वाटेत दुसऱ्या कणाशी भार बदलून प्रोटॉन होऊ शकतो (उलटेही घडते), आणि त्यामुळे मूळ टकरीचे प्रमाण बाहेर येईपर्यंत पुसट होते. उरलेले केंद्रक मोजणाऱ्याला नेमके काय बाहेर पडले हे दिसत नाही, ही या पद्धतीची मर्यादाही मान्य केली पाहिजे.

प्रत्येक प्रोटॉन ठोकरीचाच, हा भाग तर सरळ चुकीचा आहे. पायॉन केंद्रकातल्या दोन कणांत शोषलाही जातो. मग त्याच्या वस्तुमानाची सुमारे 140 एमईव्ही ऊर्जा त्या दोघांत वाटली जाते आणि वेगवान प्रोटॉन बाहेर पडतात, पण पायॉन उरत नाही.

म्हणूनच विखुरलेला पायॉन आणि प्रोटॉन एकाच वेळी पकडावे लागतात. दोघांच्या ऊर्जांची बेरीज येणाऱ्या पायॉनच्या ऊर्जेतून वजा केली, की प्रोटॉन सोडवायला लागलेली ऊर्जा हाती येते, जी कार्बन-12 मध्ये किमान 16 एमईव्ही असते. शोषणाच्या घटना पायॉनअभावी आपोआप गळतात. एवढी काळजी घेऊनही नऊ हा आकडा हमखास मिळत नाही. स्वित्झर्लंडमधील फिलिगेनच्या प्रयोगशाळेत ऑक्सिजन-16 वर 240 एमईव्हीचे पायॉन सोडून केलेल्या, 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनात धन-ऋण गुणोत्तर कोनागणिक बदलले आणि काही ठिकाणी नऊच्या कितीतरी वर गेले. केंद्रकात तयार झालेला डेल्टा मोडण्याआधी शेजारच्या कणावर आदळून त्यालाच बाहेर ढकलू शकतो. हा मार्ग आणि थेट ठोकर यांचे आयाम (ज्यांच्या वर्गावरून घटनेची शक्यता ठरते त्या राशी) एकमेकांत मिसळतात, ऋण पायॉनच्या दुबळ्या थेट आयामाला बऱ्याच अंशी रद्द करतात, आणि भागाकारातला छेद लहान झाल्याने गुणोत्तर फुगते.