साखळीवर माहिती नको, तिचा ठसा पुरे

सरकारी खात्यांनी एकमेकांना माहिती देताना ब्लॉकचेन (एकमेकींना साखळीसारख्या जोडलेल्या नोंदींची, अनेक संगणकांवर प्रत असलेली वही) वापरावी, असं कोणी म्हटलं की मी आधी एकच विचारते: साखळीवर नेमकं ठेवणार काय? बऱ्याचदा उत्तर येतं, "सगळंच. म्हणजे सुरक्षित राहील." आणि इथेच माझ्या पोटात गोळा येतो.

साखळीवर गेलेली नोंद पुसता येत नाही आणि तिची प्रत साखळीतल्या प्रत्येकाकडे असते. हाच तिचा गुण. पण एखाद्याचं आजारपण, दत्तक प्रकरण, जुना पत्ता अशा वहीत कायमचं चढवायचं? युरोपात 2018 पासून लागू असलेल्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याचं 17 वं कलम काही अटींवर आपली माहिती पुसून घ्यायचा हक्क देतं. न पुसणाऱ्या वहीत तो हक्क बजावणार कसा? एन्क्रिप्ट करून, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद करून ठेवू म्हणाल, तर आजचं कुलूप वीस वर्षांनी टिकेलच याची हमी कोण देणार?

तरीही मी ब्लॉकचेनच्या बाजूची आहे, आणि त्याचं कारण वेगळं आहे.

प्रत्येक डेटाबेसला एक अ‍ॅडमिन असतो. त्याने एका जन्मतारखेतला 12 काढून 21 केला आणि मागोमाग लॉगमधली, म्हणजे कोणी काय केलं याच्या नोंदवहीतली, त्या बदलाची ओळही उडवली, तर तपास करणाऱ्याच्या हाती काय लागणार? आता समजा, पाच खाती एका साखळीत आहेत, मूळ माहिती आपापल्या खात्यातच राहिली आणि साखळीवर फक्त तिचा हॅश गेला, म्हणजे त्या माहितीवरून गणिताने काढलेली छोटी खूण, तिच्या बोटाचा ठसा म्हणा ना. एसएचए-256 या पद्धतीने काढलेला हॅश 64 अक्षरांत लिहिला जातो. 12 चे 21 झाले की तो ओळखू येणार नाही इतका बदलतो. जुना ठसा मात्र इतर चार खात्यांच्या सर्व्हरवर जसाच्या तसा असतो. खाडाखोड करणं अजूनही शक्य आहे, पण ती लपवणं शक्य नाही. नागरिक म्हणून मला एवढंच हवंय.

ही कल्पना बिटकॉइनच्या आधीची आहे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी 1991 मध्ये ती मांडली, आणि 1995 पासून त्यांची कंपनी असा हॅश दर आठवड्याला न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापत असे. छापून घरोघरी गेलेला अंक कोण बदलणार?

एस्टोनियाचा दाखला सगळेच देतात, पण अर्धवट. तिथे खात्याखात्यांत माहिती जाते ती 2001 पासून चालू असलेल्या एक्स-रोड या देवाणघेवाणीच्या जाळ्यावरून, आणि एक्स-रोड ही ब्लॉकचेन नाही. 2007 च्या सायबर हल्ल्यांनंतर त्यांनी केएसआय नावाचं, अशाच ठशांवर चालणारं तंत्र आणलं, ते नोंदी आणि लॉग यांच्या राखणीसाठी. आपली माहिती कोणत्या खात्याने कधी पाहिली, हे तिथला नागरिक स्वतः बघू शकतो. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे.

एक तांत्रिक गोष्ट मात्र कोणी सोडू नये. नुसत्या जन्मतारखेचा हॅश म्हणजे उघडी जन्मतारीखच! शंभर वर्षांत दिवस किती, साधारण 36,525. साधा संगणकही सगळ्यांचे हॅश काढून क्षणात जुळवून देतो. म्हणून हॅश काढण्याआधी त्यात लांबलचक गुप्त यादृच्छिक आकडा मिसळायलाच हवा. आणि मुळात खोटी भरलेली नोंद साखळीवर गेल्याने खरी होत नाही, हे वेगळं सांगायला नको.

म्हणूनच असा प्रकल्प जाहीर झाला की मी आधी बघते ते पाच सर्व्हर कोणाच्या ताब्यात आहेत. पाचही एकाच खोलीत आणि पाचांच्या चाव्या एकाच कंत्राटदाराकडे असतील, तर पाच प्रती आणि एक प्रत यांत फरक काय राहिला? एक सर्व्हर लेखापरीक्षकांकडे द्या, एक न्यायव्यवस्थेकडे द्या. ज्यांचं एकमेकांशी साटंलोटं नाही, अशांच्या हाती ठसे राहू द्या. निविदा निघण्याआधी हे लेखी मागून घ्या.