मेसेंजरने खेळ सोडला नव्हता

आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. ऑस्ट्रेलियाचा रग्बी खेळाडू डॅली मेसेंजर याच्यावरील लेखात मी ‘पैशासाठी आपला खेळ सोडून गेलेल्या माणसाला’ थोर ठरवले आणि हौशी रग्बीच्या निष्ठेची कदर केली नाही, असा आपला आक्षेप आहे. त्यातला एक भाग मला मान्य आहे, पण त्याने खेळ सोडला हे मान्य नाही.

१७ ऑगस्ट १९०७ रोजी सिडनीच्या कृषी प्रदर्शनाच्या मैदानावर तो न्यू साऊथ वेल्सकडून न्यूझीलंडच्या व्यावसायिक ‘ऑल गोल्ड्स’ संघाविरुद्ध उतरला, तेव्हा तो सामना रग्बी युनियनच्याच, म्हणजे हौशी रग्बीच्याच, नियमांनी झाला. चेंडू तोच, मैदानाची आखणी तीच. फरक एवढाच की या वेळी खेळणाऱ्यांना मोबदला मिळणार होता. तेवढ्यासाठी हौशी रग्बी चालवणाऱ्या युनियन संघटनेने त्याच्यावर तहहयात बंदी घातली आणि त्याची कामगिरी आपल्या दप्तरातून पुसून टाकली. ती पुन्हा नोंदवायला २००७ साल उजाडावे लागले.

हौशीपणाची निष्ठा ज्याच्या घरी चूल पेटण्याची चिंता नाही, त्याला स्वस्त पडते. १८९५ साली हडर्सफिल्डमध्ये उत्तर इंग्लंडचे क्लब रग्बी युनियनपासून वेगळे झाले, ते कामावरून सुट्टी घेऊन खेळणाऱ्यांना बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी म्हणूनच. सिडनीत हाच प्रश्न अॅलेक बर्डनच्या निमित्ताने पेटला. तो पेशाने न्हावी होता. राज्याच्या संघातून खेळताना तो जायबंदी झाला, आणि वस्तरा धरता न येण्याच्या काळात बुडालेल्या कमाईची जबाबदारी युनियनने घेतली नाही.

आता आपले बरोबर कुठे आहे ते सांगतो. मेसेंजर स्वतः बर्डनइतका नडलेला नव्हता. त्याच्या वडिलांचा डबल बे येथे होड्यांचा कारखाना होता आणि तो तिथेच काम करीत असे. सिडनीतील सर्वांत लोकप्रिय खेळाडू आपल्या बाजूला आल्याशिवाय मोबदला देणारी नवी रग्बी लीग उभी राहणार नाही हे तिचे संस्थापक जेम्स गिल्टिनन आणि क्रिकेटपटू व्हिक्टर ट्रम्पर यांनी ओळखले होते, त्यामुळे त्याच्या येण्यामागे पैशाचा वाटा नव्हता असे मी म्हणणार नाही. मात्र ‘पैसा दिसेल तिकडे धावणारा’ हे विशेषण त्याला लागू होत नाही. ‘ऑल गोल्ड्स’बरोबर पाहुणा म्हणून ब्रिटनला जाऊन तो त्या दौऱ्यातला सर्वाधिक गुण मिळवणारा ठरला, तरीही तो सिडनीला परतला. पुढे सिडनीच्या ईस्टर्न सबर्ब्स क्लबकडूनच खेळत १९११ ते १९१३ अशी तीन वर्षे त्याने विजेतेपदे मिळवली, १९११ च्या हंगामात सगळे सामने मिळून २७० गुण केले, आणि १९११–१२ च्या ब्रिटन दौऱ्याला तो गेलाच नाही.

तो न्यूझीलंडचा होता, असे आपण ओघात लिहिले आहे, ते चुकीचे आहे; त्याचा जन्म १८८३ साली सिडनीच्या बाल्मेनमध्ये झाला.

माझ्या लेखात बर्डनचे नाव कुठेच आले नव्हते, ही उणीव आपल्या आक्षेपामुळे माझ्या लक्षात आली. त्याच्यावरचा परिच्छेद मी लेखात मेसेंजरच्या आधी घालत आहे.