खुबा आधी मोडतो की माणूस आधी पडतो?

सहकारनगरातल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय: ‘म्हातारपणी खुब्याचं हाड आधी मोडतं, मग माणूस पडतो. म्हणून हिप प्रोटेक्टर निरुपयोगी. संशोधनानंही ते फोल ठरवलंय. आईवडिलांना जागेवर बसवून ठेवा.’ हिप प्रोटेक्टर म्हणजे पडल्यावर खुब्याला धक्का लागू नये म्हणून खास चड्डीच्या खिशात बसवलेलं पॅड. माझ्या ८१ वर्षांच्या सासूबाई ते वापरतात, म्हणून गप्प बसवत नाही.

हाड आधी मोडतं? क्वचित तसं होतं. पण म्हातारपणी खुबा मोडतो तो बहुतेक वेळा पडूनच, आणि तेही कुशीवर पडून. कमरेच्या खाली, मांडीच्या बाहेरच्या अंगाला हात फिरवला की एक कठीण उंचवटा लागतो. कुशीवर पडलं की धक्का थेट त्याच्यावर बसतो. चड्डीच्या खिशातलं पॅड नेमकं तिथं यायला हवं. मऊ पॅड धक्का शोषून घेतं, कडक कवच तो आजूबाजूच्या मांसल भागाकडे वळवतं. माप सैल झालं आणि पॅड पुढे सरकलं, तर मात्र काही उपयोग नाही.

‘संशोधनानं फोल ठरवलं’ हे अर्धसत्य आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधल्या चाचणीत १,८०१ वृद्ध होते. पॅड दिलेल्या गटात खुबा मोडण्याचं प्रमाण वर्षाला हजारी सुमारे २१, न दिलेल्या गटात ४६. नंतरच्या सगळ्याच चाचण्यांत एवढा फरक दिसला नाही. अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या २०१४च्या कॉक्रेन आढाव्यानुसार वृद्धाश्रमात, शुश्रूषा केंद्रात राहणाऱ्यांना थोडा फायदा होतो, हजारामागे साधारण ११ फ्रॅक्चर कमी. स्वतःच्या घरी राहणाऱ्यांत जवळजवळ काहीच फरक नाही. हेही लपवून चालणार नाही, कारण आमच्या सासूबाई घरीच राहतात.

पण त्याच फिनलंडच्या चाचणीत पॅड दिलेल्यांपैकी १३ जणांचा खुबा मोडला, आणि त्यातल्या ९ जणांच्या अंगावर त्या वेळी पॅड नव्हतंच. हे वाचलं आणि मला आमचंच घर दिसलं. सासूबाई दिवसभर पॅड घालायच्या आणि झोपताना काढून, नीट घडी करून उशाशी ठेवायच्या. रात्री दोनदा लघवीला उठायचं, अंधारात, मोरीची फरशी ओली, आणि पॅड उशाशी! “अगं, गरम होतं, आणि घाईच्या वेळी खाली करायला वेळ लागतो,” त्या म्हणाल्या. तक्रार खरीच होती. मग आम्ही बरोबर मापाची, पटकन खाली सरकणारी जोडी रात्रीसाठी वेगळी घेतली. पॅडमुळे पडणं काही थांबत नाही, म्हणून मोरीत धरायला दांडी लावली आणि पॅसेजमध्ये रात्रभर दिवा ठेवला.

राहिलं ‘बसवून ठेवा’. या मजकुरातलं सगळ्यांत घातक वाक्य हेच. बसून बसून मांड्यांतलं बळ जातं, तोल जातो, आणि माणूस खुर्चीतून उठतानाच पडतो. ज्यांनी हा मजकूर पुढे पाठवलाय, त्यांनी निदान ही ओळ तरी मागे घ्यावी. सासूबाई आजही सकाळी काठी घेऊन कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत चालत जाऊन आल्या.