‘ती मुलं तशीही शिकलीच असती’: एका लाडक्या आकड्याचा प्रतिवाद

गरीब घरातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी शिक्षण सोडू नये म्हणून त्यांना रोख पैसे द्यावेत का, हा विषय निघाला की एक दावा हमखास फिरू लागतो. थोडक्यात तो असा: इंग्लंडने हे करून पाहिलं. पाहणीत १०० पैकी ८८ मुलांनी सांगितलं की पैसे मिळाले नसते तरी आम्ही शिकलोच असतो. म्हणजे १०० पौंडांतले ८८ पाण्यात गेले, म्हणून तर इंग्लंडने योजना गुंडाळली. पुढे शेपटं जोडली जातात: ज्याला शिकायचंय तो कसाही शिकतो, पोरं पैसे उडवतात, आणि वर्गात बसवलं म्हणजे डोक्यात काही शिरतं असं नाही. यातल्या शेवटच्या मुद्द्यात दम आहे. बाकीचे तपासून घ्यायला हवेत.

योजनेचं नाव ‘एज्युकेशन मेंटेनन्स अलाउन्स’, म्हणजे ईएमए. १९९९ मध्ये ती निवडक भागांत प्रयोग म्हणून सुरू झाली आणि २००४ पासून इंग्लंडभर लागू झाली. तिथे तेव्हा सक्तीचं शिक्षण सोळाव्या वर्षी संपत असे. त्यापुढे पूर्णवेळ शिकत राहणाऱ्या, कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना उत्पन्न पाहून आठवड्याला १०, २० किंवा ३० पौंड मिळत. विनापरवानगी दांडी मारली की त्या आठवड्याचे पैसे बंद. वर्षाचा खर्च ५६ कोटी पौंडांच्या आसपास होता. ऑक्टोबर २०१० मध्ये सरकारने ती बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा समर्थनार्थ हाच आकडा पुढे केला गेला: पैशांशिवाय शिकलोच नसतो असं म्हणणारी मुलं फक्त १२ टक्के.

‘मुलांनीच तसं सांगितलं’

सांगितलं, खरं आहे. पण विचारलं काय होतं? हे पैसे नसते तर तू काय केलं असतंस? या प्रश्नाचं उत्तर खुद्द त्या मुलालाही ठाऊक नसतं. तो आज वर्गात आहे, त्याचे मित्र तिथे आहेत, आणि ‘मी पैशांसाठी शिकतोय’ असं पाहणी करणाऱ्यापुढे कबूल करणं कुणालाही जड जातं. उलट बाजूही आहे. योजना बंद होईल या धास्तीने एखादा गरज फुगवूनही सांगेल. म्हणजे चूक कोणत्या दिशेला झाली आणि किती, हे त्या उत्तरांवरून कळायला मार्ग नाही.

लोक स्वतःच्या शिक्षणाबद्दल जे सांगतात त्यावर किती विसंबावं, याचा एक धडा आफ्रिकेतल्या मलावी देशातून मिळाला. तिथल्या झोम्बा जिल्ह्यात २००८ आणि २००९ मध्ये किशोरवयीन मुलींच्या कुटुंबांना रोख मदत देण्यात आली. काहींना शाळेत हजर राहण्याच्या अटीवर, काहींना विनाअट. मुलींनी स्वतः दिलेल्या माहितीत विनाअट गट मुळीच मागे दिसत नव्हता. संशोधकांनी शिक्षकांकडून खात्री करून घेतली तेव्हा चित्र फिरलं. शाळेत टिकण्याच्या बाबतीत विनाअट मदतीचा परिणाम अटीच्या मदतीच्या निम्माही भरला नाही.

म्हणून चांगलं मूल्यमापन विचारत बसत नाही, तुलना करतं. ईएमएच्या प्रायोगिक टप्प्यात लंडनच्या ‘इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज’च्या अर्थतज्ज्ञांनी योजना असलेले भाग आणि तशाच घडणीचे पण योजना नसलेले भाग शेजारी ठेवले. पात्र मुलांपैकी सोळाव्या वर्षी पूर्णवेळ शिकणाऱ्यांचं प्रमाण १०० मध्ये ६५ वरून ६९ वर गेलं होतं, सतराव्या वर्षी ५४ वरून ६१ वर.

‘म्हणजे बाकीचा पैसा वाया’

हा आकडा मी योजनेच्या बाजूने वापरतोय असं वाटत असेल तर जरा थांबा. हिशेब करून पाहू. पहिल्या वर्षी, म्हणजे सोळाव्या वर्षी, शिकणाऱ्या ६९ पैकी चारच जण योजनेमुळे आलेले. बाकीचे ६५ तशीही येणारच होते. म्हणजे पैशांमुळे बदललेल्यांचा वाटा सहा टक्क्यांहूनही कमी. दावा करणाऱ्यांच्या १२ टक्क्यांच्या निम्मा! काटेकोर पद्धतीने मोजलं तर त्यांची बाजू आणखी भक्कम व्हायला हवी. तरीही त्याच संस्थेच्या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये लिहिलं की एवढे ‘तशीही शिकणारे’ धरूनसुद्धा, ही मुलं पुढे जी जास्त कमाई करतील तिच्यापुढे योजनेचा खर्च कमी भरण्याची शक्यता आहे.

हे कसं? पूर्ण दराने, म्हणजे आठवड्याला ३० पौंड आणि वर्षाचे साधारण ३९ आठवडे धरले, तर एका विद्यार्थ्यावर ११७० पौंड जातात. एक जास्तीचा विद्यार्थी टिकवण्यासाठी पहिल्या वर्षाच्या आकड्यांनुसार सतराएक जणांना पैसे द्यावे लागतात, म्हणजे २० हजार पौंड. दुसऱ्या वर्षाच्या आकड्यांनुसार नऊएक जणांना, म्हणजे १० हजार. रक्कम लहान नाही, आणि ती लहान आहे असं भासवणाऱ्या समर्थकांचंही मला पटत नाही. पण सतरा जणांपैकी उरलेल्या सोळा जणांचे पैसे गेले कुठे? कुणी ते जाळले नाहीत. ते कमी उत्पन्नाच्या घरांत गेले, प्रवासाला, पुस्तकांना, घरखर्चाला लागले. याच घरांना याच सरकारने दुसऱ्या एखाद्या भत्त्यातून तेवढेच पैसे दिले असते तर त्याला कुणी ‘वाया’ म्हटलं नसतं, साधी गरिबांना मदत म्हटलं असतं. समाजाचा खरा खर्च म्हणजे तो कर गोळा करण्याचा आणि योजना चालवण्याचा बोजा, शिवाय जास्तीच्या मुलांना शिकवण्याचा खर्च आणि त्या काळात त्यांनी न कमावलेला पगार. एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेली रक्कम या खर्चात पूर्णच्या पूर्ण मिसळली की ८८ टक्के पाण्यात गेल्याचा भास होतो.

शिवाय ते चार जण कोण हे त्यांच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. ‘फक्त गरजूंनाच द्या’ हे बोलायला सोपं. पण पात्रतेच्या आत गरजू कोण हे ठरवायचं म्हणजे पुन्हा त्याच मुलाला विचारायचं, की पैसे नसते तर तू काय केलं असतंस.

‘तशीही शिकणाऱ्यां’चं प्रमाण निरुपयोगी आहे असं मात्र नाही. योजना कुठे लावायची हे ठरवताना ते फार कामाचं असतं. मुलं शाळेत राहिली तर गरीब कुटुंबांना रोख पैसे देणाऱ्या मेक्सिकोच्या प्रोग्रेसा योजनेची सुरुवात १९९७ ची. तिचं मूल्यमापन ५०६ गावांत झालं. त्यांतली ३२० आधी योजनेत घेतली आणि १८६ तुलनेसाठी मागे ठेवली, तीही चिठ्ठी टाकल्यासारखी निवडून. प्राथमिक शाळेत तिथली ९० टक्क्यांहून जास्त मुलं आधीच जात होती, त्यामुळे तिथे दिलेल्या पैशांनी हजेरीत फारसा फरक पडायला वावच नव्हता. गळती होत होती ती प्राथमिक संपवून माध्यमिकला जाताना, आणि परिणामही तिथेच ठळक दिसला. त्यावरून काही अर्थतज्ज्ञांनी सुचवलं की पैसा याच उंबरठ्यावर एकवटावा. दावा करणाऱ्यांचाच आकडा इथे किशोरवयीन मुलांना पैसे देण्याच्या बाजूने उभा राहतो.

‘ज्याला शिकायचंय तो कसाही शिकतो’

दिव्याखाली अभ्यास करून मोठ्या झालेल्यांच्या गोष्टी आपण ऐकतो, कारण ते मोठे झाले. न झालेल्यांच्या गोष्टी कोण सांगणार? घानात २००८ मध्ये अशाच मुलांना गाठण्यात आलं. प्रवेशपरीक्षा पास झालेली, उच्च माध्यमिकला प्रवेश मिळालेला, पण पैशांअभावी नाव न नोंदवलेली २०६४ मुलं. म्हणजे जिद्द आणि बुद्धी दोन्हींचा दाखला हातात. त्यांतल्या ६८२ जणांना सोडत काढून शिष्यवृत्ती दिली. शिष्यवृत्ती मिळालेल्यांत शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा १०० मध्ये सुमारे २६ ने जास्त निघालं. ‘कसाही शिकतो’ हे खरं असतं तर हा फरक शून्याच्या जवळ असायला हवा होता.

या वयात फी हा खर्चाचा एकच भाग असतो. दुसरा मोठा भाग म्हणजे बुडालेली मजुरी. आठ वर्षांच्या मुलाला शाळेत पाठवून घराची कमाई फारशी घटत नाही, सोळाव्या वर्षी घटते. म्हणूनच प्रोग्रेसात इयत्ता वाढेल तशी रक्कम वाढत होती, आणि माध्यमिकला मुलींना मुलांपेक्षा जास्त होती. कधी अडचण मजुरीची नसून अंतराची असते. बिहारने २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले, आणि शेजारच्या झारखंडशी तुलना करून पाहता माध्यमिकला जाणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं.

‘पोरं पैसे उडवतात’

यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो का, हे अनेक देशांतल्या अभ्यासांचा आढावा घेऊन तपासलं गेलंय, आणि तसं आढळलेलं नाही. इंग्लंडच्या प्रयोगात काही भागांत पैसे पालकांना दिले, काही भागांत थेट मुलांना. देशभर लागू करताना मुलांच्याच खात्यात द्यायचं ठरलं. आणि समजा, एखाद्याने त्यातून बूट घेतले. त्या आठवड्यात तो रोज वर्गात होता, अट तेवढीच होती.

‘वर्गात बसवलं म्हणजे शिकला असं नाही’

इथे मात्र मान्य करायला हवं. कंबोडियात माध्यमिकच्या शिष्यवृत्तीने पटसंख्या भरघोस वाढली, पण दीड वर्षाने गणित आणि शब्दसंग्रहाची चाचणी घेतली तेव्हा लाभार्थी इतरांपेक्षा सरस दिसले नाहीत. ईएमएवरच्या नंतरच्या, दीर्घ काळाच्या नोंदी पाहणाऱ्या अभ्यासांतलं चित्रही प्रायोगिक टप्प्याइतकं उजळ नाही. पैसा दारापर्यंत आणतो, आतली शिकवण सुमार असेल तर ती तो सुधारत नाही. घानात मात्र शिष्यवृत्तीवाल्यांचं ज्ञानही वाढलेलं आढळलं. याचं एक कारण मला असं वाटतं की ती मुलं निवडून, तयारीनिशी आलेली होती, आणि काठावरून ओढून आणलेल्या मुलाला पैशांपलीकडे आणखी काहीतरी लागतं.

रचनेचाही प्रश्न आहे. कोलंबियाची राजधानी बोगोटामध्ये अशाच मदतीच्या दरमहाच्या रकमेचा एक तृतीयांश भाग राखून पुढच्या वर्षीच्या नावनोंदणीच्या वेळी दिला, तेव्हा पुढच्या वर्षात नाव घालणारे वाढले. अट कडक करावी तर मलावीचा दुसरा निष्कर्ष आडवा येतो. शाळा सोडलेल्या मुलींना अटीमुळे पैसे मिळेनासे झाले. विनाअट गटात मात्र अशा मुलींनाही ते मिळत राहिले, आणि तिथे कमी वयातली लग्नं आणि गरोदरपण बरंच कमी राहिलं. मग यशस्वी कोणती योजना म्हणायची? नुसती हजेरी मोजणाऱ्याचं उत्तर एक येईल, लग्नाचं वय मोजणाऱ्याचं दुसरं.

‘फसली म्हणूनच बंद केली’

२०१० हे इंग्लंडमध्ये सरसकट काटकसरीचं वर्ष होतं. शिवाय शिकण्याचं सक्तीचं वय वाढवून आधी १७ आणि मग १८ करायचं ठरलेलंच होतं, तेव्हा वेगळं आमिष कशाला, असाही सरकारचा युक्तिवाद होता. ईएमएच्या जागी १८ कोटी पौंडांचा बर्सरी फंड, म्हणजे विद्यार्थ्यांसाठीचा मदतनिधी, आला. त्यातली बहुतेक रक्कम शाळा-कॉलेजांनी आपल्या मर्जीने वाटायची होती. ईएमएत दहावी-अकरावीच्या वयाच्या मुलाला आधीच कळायचं की आपल्याला नेमके किती मिळणार. नव्या व्यवस्थेत बहुतेकांना प्रवेश घेतल्यानंतरच ते कळू लागलं. २०१५ मध्ये या बदलाचं मूल्यमापन आलं. पूर्वी ज्यांना पूर्ण ३० पौंड मिळाले असते अशा मुलांत पूर्णवेळ शिक्षणात राहणाऱ्यांचं प्रमाण १०० मध्ये साधारण दीडने घसरलं होतं. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडने ईएमए बंद केलीच नाही. वेल्समध्ये २०२३ पासून ती आठवड्याला ४० पौंड झाली आहे.