पदं कापा, पेटी ठेवा

जुनी संगीत नाटकं नव्यानं रंगमंचावर आली की तिकडे महाराष्ट्रात दोन वाद ठरलेले: पदं, म्हणजे नाटकातली गाणी, किती गाळायची, आणि साथ समोर बसलेली हवी की आधी ध्वनिमुद्रित केलेला ट्रॅक चालेल. इकडे अमेरिकेत एखादं मराठी मंडळ अर्जुन-सुभद्रेच्या लग्नाचं ‘सौभद्र’ बसवायला घेतं तेव्हा पहिल्या वादाचा निकाल सभागृहच लावतं. शाळेचं सभागृह तासाच्या भाड्यानं मिळतं. नेपथ्य लावणं-काढणं वजा जाता हातात अडीच तास राहतात. नाटक १८८२ सालचं, निवांत रात्री जागवणाऱ्या प्रेक्षकांचं. सोळा पदं साडेतीन-साडेतीन मिनिटांची धरली तरी तास गेलाच. तेव्हा पदं खुशाल गाळावीत. फक्त गाळलेल्या पदातून कथानक पुढे सरकत असेल, तर तेवढं एक वाक्य संवादात घालावं. नाहीतर इकडे वाढलेल्या मुलांना पुढचा प्रवेश कळतच नाही.

साथीवर मात्र तडजोड नको. ट्रॅक नटासाठी थांबत नाही. हौशी सुभद्रेचा मुखडा, म्हणजे पदाची पहिली ओळ, तालाचं एक आवर्तन हुकला, तर पेटीवाला तिच्या श्वासाकडे बघत षड्ज (सा) धरून बसतो, तबलजी ठेका चालू ठेवतो, ती पुढच्या समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येते. प्रेक्षकांना पत्ताही लागत नाही. ट्रॅकवर तीच सुभद्रा उरलेलं पद धापा टाकत गाते.

जिवंत साथीला तयारी लागते, हे खरं. प्रत्येकाचा सा पेटीच्या कुठल्या काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीवर, त्यावरून गाण्याची पट्टी ठरते. अर्जुन काळी एकमध्ये गाणार आणि सुभद्रा काळी चारमध्ये, तर त्याचा पंचम (प) तोच तिचा षड्ज. पेटीवाल्याचं काम सोपं. तबले मात्र दोन हवेत, दोन्ही पट्ट्यांत आधीच लावलेले. हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेनं पुडी, म्हणजे तबल्यावरचं चामडं, ताणली जाते आणि तबल्याचा सूर चढतो. म्हणून वाद्यं दोन तास आधी सभागृहात आणावीत, आणि पडदा उघडण्याआधी दहा मिनिटं पुन्हा सुरात लावावीत. जागा नाही म्हणून साथ लांब कोपऱ्यात ढकलू नये. पेटी पंधरा मीटरवर गेली तर तिचा सूर नटापर्यंत सेकंदाच्या विसाव्या भागाइतका उशिरा पोचतो, आणि द्रुत लयीत तेवढ्यानंही घोटाळा होतो. नटाच्या पायाशी एक मॉनिटर, म्हणजे त्याला साथ ऐकू यावी म्हणूनचा छोटा स्पीकर, ठेवावा, त्यात नुसती पेटी आणि तबला. त्याचा स्वतःचा आवाज त्यात सोडला की माईक शिट्टी मारायला लागतो.

आणि कितीही घाई असो, नांदी, म्हणजे नाटकाच्या सुरुवातीचं मंगलगीत, कापू नये. तिला सगळा संच उभा करावा: नेपथ्यवाले, रंगभूषेच्या पेट्या सांभाळणाऱ्या, चहा बघणारेसुद्धा. कच्च्या सुरांना दोन पक्क्या गळ्यांच्या मध्ये जागा द्यावी. ज्यांच्या वाट्याला एकही पद नसतं, त्यांना वीस वर्षांनीही ती नांदी पाठ असते, आणि शेजारी कोण उभं होतं तेही आठवतं.